मूठ वळता कामा नये

कुरर्र.

सिंगापूरमध्ये, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये दुपारी सगळं चिडीचूप असताना मोज्यांचा खण उघडला आणि मी उजेडात आले.

मित्रांनो, मी एक जुनी मूठ आहे. रायफलच्या मुठीचा मेणमातीचा नमुना. मला ना नळी, ना चाप. आता मी ठिसूळ झालेय, धूळ खात पडलेय. कधी हातात घेतलंत तर जपून घ्या. पण त्या दुपारी माझ्यावर एका घराचा जीव टांगलेला होता.

मला मेधाने घडवलं, ती जिथे काम करते त्या बंदुकांच्या कंपनीसाठी. परदेशातल्या एका राज्याचा नियम असा, की रायफलला पिस्तुलासारखी मूठ नको. अंगठा पलीकडून वळून मूठ मिटली, की ती रायफल बेकायदा. म्हणून मेधाने माझ्या पाठीला माशाच्या परासारखा पडदा लावला. ऑफिसात सगळ्यांनी मला धरून पाहिलं. कुणाचा अंगठा वळला नाही. फार कौतुक झालं माझं.

आता फक्त वकिलांनी होकार द्यायचा होता. नमुना नापास झाला तर मेधाचा करार वाढणार नव्हता. आणि करार नाही, तर सिंगापूरमध्ये राहायचा पासही नाही.

"बंदुकीचा तुकडा मोज्यांत?" तिचा नवरा अनिमेष म्हणाला. "धन्य आहेस तू."

"मेणमाती आहे रे. ऑफिसात विचारून आणलीये. इराच्या हाती लागू नये म्हणून ठेवली तिथे."

"लागलीच की."

लेकीचा, इराचा हात एवढासा. पडद्याखालच्या फटीतून तिचा अंगठा सुळकन पलीकडे गेला.

"आई, कॅन लाह! जमतंय की! बघ, मूठ वळली."

मेधाचा चेहरा उतरला. ऑफिसात सगळे हात मोठेच होते.

"राहू दे ना," अनिमेष हळूच म्हणाला. "वकील काय बालवाडी घेऊन येणारेत?"

"लहान हातांच्या बायका नसतात? माझ्या आईचा हात आठव."

मला वकिलांपुढे न्यायला खाली टॅक्सी येऊन उभी होती. मेधाने मेणमातीचा गोळा मळला, फटीत दाबला, ओल्या बोटाने कड गुळगुळीत केली.

"धर आता. जोर लाव."

इराने दात आवळून जोर लावला. अंगठा पडद्यापाशीच अडला. मेधाने कितीतरी वेळ धरलेला श्वास सोडला.

"बसली बाई नियमात."

इराने मला उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे आई, आता ह्या बंदुकीने माणसाला कमी लागणार?"