कच्च्या केळ्याचा ऑक्सिजन

सकाळी साडेसहाला मोबाइलच्या पडद्यावर दोनशे बारा धापा टाकणारी माणसं दाटीवाटीनं जमत. सगळी फुप्फुसांच्या जुनाट आजाराची, सगळी चेन्नईतली मराठी. अॅप उघडायचं, मागच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, पुढच्यात चेहरा दाखवायचा. चेहऱ्याखाली ऑक्सिजनचा आकडा उमटे, एकोणनव्वद. मग प्राणवर्धनस्वामी हुंकार देत आणि अकरा मिनिटांत सगळे आकडे सत्त्याण्णववर जाऊन बसत.

"बंधूंनो, फुप्फुस म्हणजे क्वांटम कमळ," स्वामी सांगत. "इन्हेलर त्याच्या पाकळ्या चिकटवतो. बोटाला लावायचं ते बाजारू यंत्र नुसतं रक्त मोजतं. आपलं अॅप प्राण मोजतं." त्यांच्या मागे हिमालय होता. मान हलली की हिमालय त्यांचा डावा कान गिळायचा.

पेरुंगुडीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर उमाकांतराव हे भक्तिभावानं ऐकत. तीस वर्षं सिगारेटी ओढून ज्या फुप्फुसांची वाट लावली, त्यांनाच ते आता मंत्र ऐकवत होते. नंतर ग्रुपवर 'आज किती?' सुरू व्हायचं. नोकरीत असताना बढतीवरून चालायची ती चढाओढ आता या आकड्यावर आली होती.

त्यांच्या पत्नी विद्युलताबाईंनी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्यांना दिसत होतं ते वेगळंच. नवऱ्यानं नऊ दिवस इन्हेलरला हात लावला नव्हता. न्हाणीघरातून खुर्चीपर्यंत येताना त्यांना दोनदा बसावं लागे. बोटावरचं यंत्र शहाऐंशी दाखवी, तर म्हणत, "ते रक्त आहे गं." आता भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं मशीनही परत करायचं ठरलं होतं. आज आठला माणूस न्यायला येणार होता.

"अहो, आठवडाभर तरी राहू द्या."

"सत्त्याण्णव..." उमाकांतराव श्वासासाठी थांबले. "सत्त्याण्णव असताना? लोक हसतील."

काल बाईंनी एक गंमत पाहिली होती. सत्संगात उमाकांतरावांना डुलकी लागली आणि फोन मांडीवर पडला. बोट बाजूला गेलं, कॅमेऱ्यावर लुंगी आली. तरी आकडा चढतच राहिला. लुंगी आरामात सत्त्याण्णववर पोचली.

म्हणून आज त्या आपला फोन घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. नाव टाकलं 'कौशिक, वय सहासष्ट'. पुढच्या कॅमेऱ्यावर फडकं टाकलं, मागचा टेकवला भज्यांसाठी आणलेल्या कच्च्या केळ्यावर.

अकराव्या मिनिटाला स्वामी गहिवरले. "कौशिकजी आज नवे आलेत. चेहरा दाखवायला लाजतायत, पण आकडा बघा. सत्त्याण्णव. यांच्या फुप्फुसात मला बाळाचं हसू दिसतंय."

बाईंनी फडकं काढलं आणि माइक सुरू केला.

"स्वामीजी, हे कौशिक." त्यांनी केळं चेहऱ्याजवळ धरलं. "वाळक्काय, म्हणजे कच्चं केळं. दुपारी यांची भजी होतील. यांनी मंत्र म्हटला नाही की श्वास घेतला नाही."

स्वामींनी मान हलवली, हिमालयानं पुन्हा कान गिळला. "माताजी, फळातही प्राण असतो."

"लाटण्यातही असतो का? काल संध्याकाळी लावून पाहिलं, तेही सत्त्याण्णव. तुमचं अॅप काहीच मोजत नाही. कॅमेरा झाकला की घड्याळ सुरू होतं आणि मिनिटागणिक आकडा वर ढकलला जातो. एवढंच आहे ते."

त्यांना लगेच सत्संगाबाहेर काढलं गेलं. पण सत्संगातलेच जॉर्ज टाउनमधले सेतुमाधव, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, तोवर कामाला लागले होते. थोड्या वेळानं ग्रुपवर त्यांचा निरोप आला, "अक्का, माझ्या चष्म्याच्या डबीला पण सत्त्याण्णव आला." मग कुणाच्या नारळाला आला, कुणाच्या चपलेला आला. काहींनी मात्र लिहिलं की संशयी माणसांमुळे अॅप बिघडतं. अशा लोकांपुढे चप्पलही हरते.

उमाकांतरावांनी ते सगळे निरोप वाचले. मग त्यांनी बोट पुढं केलं. "ते रक्ताचं यंत्र लाव."

पंच्याऐंशी. बाईंना रडूच फुटलं. 'मी सांगत होते' म्हणायला वेळ नव्हता. त्यांनी छातीच्या डॉक्टरांना फोन लावला, ते सांगतील तसं मशीन चालू केलं, इन्हेलर हातात दिला आणि दवाखान्यात जायची तयारी केली.

आठला बेल वाजली. मशीन न्यायला आलेल्या माणसाला उमाकांतराव नाकात नळी घालून खुर्चीतूनच म्हणाले, "राहू दे. सत्त्याण्णव... केळ्याचा होता."

फोन वाईट नाही. त्याच फोनवर डॉक्टर सापडले, आणि इन्हेलर ओढायची योग्य पद्धत दाखवणारी फिजिओथेरपिस्टही सापडेल. पण जो कुणी पडद्यावरून औषध बंद करा म्हणेल, त्याचं नाव, शिक्षण, दवाखाना विचारा, आणि आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा सोडू नका. जे यंत्र कधीच वाईट बातमी देत नाही, ते मोजत नसतं. विश्वास ठेवण्याआधी ते एकदा केळ्याला लावून पाहा.