लाख वितळेपर्यंत

शिपायाने मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली, तेव्हा परदेशी वाहिनीच्या वार्ताहर बाई आपलं सामान पिशवीत भरत होत्या.

"डबाही जप्त करायचाय का?" त्यांनी विचारलं. "आत नुसता चमचा उरलाय."

सरकारी प्रवक्ते हसले नाहीत. युद्ध सुरू झाल्यापासून ते रोज सकाळी या वाहिनीला खोटारडी म्हणत आणि संध्याकाळी तिलाच मुलाखत द्यायला केस विंचरून वेळेआधी हजर होत. प्रश्न अडचणीचा असला की ते अंगठ्याने डावी भुवई चोळत. बाईंनी हे केव्हाच हेरलं होतं.

आपले काही जवान शत्रूच्या ताब्यात आहेत, असं वाहिनीने काल सांगितलं होतं. सरकार म्हणत होतं, एकही नाही. आता वाहिनीच्या या कचेरीच्या दाराला लाखेचं सील लागलं, की प्रवक्त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन करायचा; देशभर वाहिनी बंद.

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला.

"ताई, ठीक आहे गं तो. काही असतं तर मला कळलं नसतं का?" अंगठा भुवईवर गेला. "आणि ते परदेशी चॅनल अजिबात लावू नकोस."

फोन ठेवून ते बाईंकडे न बघता म्हणाले, "भाचा आघाडीवर आहे. महिनाभर पत्ता नाही."

कोपऱ्यातल्या टीव्हीवर बाईंची वाहिनी चालूच होती. भिंतीला टेकून बसलेले कैदी एकामागून एक नाव सांगत होते. हात झोळीत बांधलेल्या एका पोराची पाळी आली. तो घुटमळला, मोकळ्या हाताच्या अंगठ्याने त्याने डावी भुवई चोळली आणि मग नाव सांगितलं.

प्रवक्ते खुर्चीचा हात धरून बसले.

बाईंनी पिशवीची चेन आवाज न करता लावली.

"हे परत दाखवतात?" प्रवक्त्यांनी विचारलं.

"अर्ध्या तासाने. वाहिनी चालू असली तर."

"साहेब, लाख वितळली," दारातून शिपाई म्हणाला.

"नीट वितळू दे."

"ठिबकतेय, साहेब."

"मग दुसरी कांडी घे. सरकारी काम आहे, घाई कसली?"

त्यांनी फोन कानाला लावला. नियंत्रण कक्षच असणार, म्हणून शिपाई ताठ उभा राहिला.

"ताई, टीव्ही लाव," ते म्हणाले. "आपलं नको गं. मी बघू नकोस म्हणतो ना, ते."