योगिताची हळद

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. सुरतच्या डिंडोलीत कोणालाही विचारा, भूपेंद्र कॅसेटवाला म्हटलं की लोक सांगतील, माणूस वाईट नाही पण तोंडाचा फटकळ आहे. असू दे. जे झालं ते माझ्या हातून झालं, म्हणून मीच सांगतो.

माझी आई सुभद्राबाई हळदीची गाणी म्हणायची. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. बाबा सुरतेत कापडाच्या लूमवर लागले आणि आम्ही इथलेच झालो. पण खान्देशी घरात लग्न निघालं की लोक पहिले आमच्या दारात यायचे. नारळ आणि खण ठेवायचे आणि म्हणायचे, मावशी, बुधवारी हळद आहे, तुम्ही पाहिजेच. आई पहिलं विचारायची, नवरीचं नाव काय? मग बापाचं, मामाचं, भावांचं. आमच्याकडे ही गाणी नावाशिवाय होत नाहीत. ओळीओळीत नाव घ्यायचं आणि जिचं नाव घेतलं तिला हळद लागली असं मानायचं. आई कानावर हात ठेवून पहिलं नाव घ्यायची आणि नवरीची आई पदर डोळ्याला लावायची. मी लहानपणापासून हे पाहत आलो, एकदाही त्यात फरक पडला नाही.

माझं दुकान होतं कॅसेटचं. लोक चिठ्ठीवर गाण्यांची नावं लिहून आणायचे, मी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. नव्व्याण्णव साली रिंगरोडचे हसमुखभाई दुकानात आले. त्यांचा कॅसेट छापून विकायचा धंदा. एका हळदीत त्यांनी आईला ऐकलं होतं. म्हणाले, "तारी मम्मी सरस गाय छे, भूपेंद्र. कॅसेट काढीए ने." तुझी आई छान गाते, कॅसेट काढू. एकदाच काय ते पैसे, स्टँपपेपरवर सही, मग कॅसेट त्यांची. मला पैशाचं काही नव्हतं हो. मला वाटलं, आई मोठी होईल. कॅसेटवर तिचा फोटो येईल, धुळ्यापासून नवापूरपर्यंत लोक तिला ओळखतील. मी तिच्या मागेच लागलो. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही.

स्टुडिओत आईला काचेमागे बसवलं. ढोलकीवाला तयार, मशीन चालू. आणि आई सुरूच करेना. हसमुखभाईंनी विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "नवरी कोन शे?"

मी म्हटलं, आई, इथं नवरी नाही, ही कॅसेट आहे. ती म्हणाली, मग हळद कोणाला लावू? स्टुडिओतला माणूस हसला. कोणतंही नाव टाका म्हणाला, नाहीतर नुसतं नवरी नवरी म्हणा. आईनं प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. दोनदा केला. पण गळ्यातून आवाजच निघेना. कोणाचं तरी लेकरू डोळ्यांपुढे असल्याशिवाय तिला गाताच येत नव्हतं. तिकडे स्टुडिओचं भाडं तासावर. हसमुखभाई घड्याळ बघायला लागले आणि माझं डोकं सरकलं. मी काचेचा दरवाजा उघडून ओरडलो, "अगं, मग आपल्या योगिताचं नाव घे ना! तिचंही कधीतरी होणारच आहे!"

योगिता माझी बहीण. तेव्हा सतरा वर्षांची, बारावीत. आई मला घरात भाऊ म्हणायची. म्हणाली, भाऊ, मांडव नाही, मुलगा नाही, नुसती हळद लावायची पोरीला? मी म्हटलं, काही होत नाही. झालं. मुलाच्या शब्दापुढे तिनं कधी काही चालवलंच नाही.

आणि मग ती जी गायली, काय सांगू तुम्हाला! "योगिताले हळद लागनी." बारा गाणी, बाराही गाण्यांत योगिता. बाबांचं नाव, मामाचं नाव, माझं नाव. ढोलकीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला सगळं दिसत होतं ना, पाटावर बसलेली तिची पोर दिसत होती.

कॅसेट तुफान चालली. डिंडोली, लिंबायत, उधना, जिथं म्हणून आपली माणसं तिथं लाऊडस्पीकरवर आमची आई. पहिले काही दिवस लोक विचारायचे, आमची नवरी सुंदरा आणि गाण्यात योगिता कशी? मग सवय झाली. हळद म्हणजे ती कॅसेट, असंच झालं. आणि मी गाढव, दोन डेकच्या मशीनवर दिवसाला वीस-वीस कॉप्या काढत होतो. गल्लीतली पोरं योगिताला चिडवायची, "काय गं, आज कोणाकडे होती तुझी हळद?" तीही हसायची तेव्हा.

सहा-सात महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, दारात नारळ घेऊन कोणी येत नाही. कशाला येतील? कॅसेटला चहा लागत नाही, रिक्षा लागत नाही, तिचा घसा बसत नाही. शेजारच्या घरी लग्न होतं, भिंतीला भिंत लागून, आईला साधं बोलावणं नाही. आई दारात गहू निवडत बसली होती आणि पलीकडून तिचाच आवाज येत होता. ती मध्येच हात थांबवायची, ऐकायची, पुन्हा निवडायला लागायची. मी म्हटलं, आई, आत चल. म्हणाली, "राहू दे. बरी गाते बाई."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावलं असतं. पण दोन हजार दोनपासून योगिताला स्थळं बघायला लागलो. अमळनेरचे लोक आले, मुलगी पसंत पडली, सुपारी फोडायची तारीख ठरली. तेवढ्यात मुलाची आत्या म्हणाली, ही ती कॅसेटमधली योगिता ना? हिला तर गावोगाव हळद लागून गेली, आता शिळी हळद आमच्या पोराच्या नशिबी कशाला? चेष्टेत म्हणाली असेल. पण चार दिवसांनी निरोप आला, जमत नाही. पुढचं स्थळ तेच म्हणालं. तिसऱ्यानं तर चहासुद्धा घेतला नाही. माझा संताप संताप झाला, त्या तिसऱ्याच्या काकाची मी गचांडीच धरली होती, बाबांनी सोडवलं. पण किती जणांची धरणार? योगिता घराबाहेर पडेनाशी झाली. रस्त्यात कुठं हळद असली की ती लांबच्या गल्लीनं जायची, आणि त्या वर्षी प्रत्येक गल्लीत हळद होती.

मी हसमुखभाईंकडे गेलो. हातापाया पडलो म्हणा ना. ही कॅसेट बंद करा, आई दुसरी गाईल, फुकट गाईल. ते हसले, पण वाईट नाही हसले. टेबलाच्या खणातून एक चकती काढून माझ्यापुढे ठेवली. एमपीथ्री सीडी, वर लिहिलेलं, खान्देशी हळद, दीडशे गाणी. आमची बाराही त्यात होती. ना आईचं नाव, ना हसमुखभाईंचं. म्हणाले, "आ में नथी बनाव्युं, भाई. ही मी नाही बनवली, कोणी बनवली मलाच ठाऊक नाही. दीडशे गाणी एका कॅसेटच्या भावात विकतात. माझा माल गोदामात सडतोय, मी मशीन विकायला काढलंय. तू मला बंद कर म्हणतोस, मी बंदच झालोय. आता हे कोणाच्या हातात नाही." घरी येऊन दुकानातल्या होत्या तेवढ्या कॅसेटच्या पट्ट्या ओढून काढल्या. वेड्यासारखा दुपारभर तेच करत बसलो. बाहेर कोणाच्या तरी टेम्पोत ती सीडी वाजतच होती.

मी पाहिलं नाही, पण योगितानं सांगितलं, आईनं त्या दिवशी देवापुढे हात जोडून म्हटलं, पुन्हा गाणार नाही. मग खरंच गायली नाही. भांडी घासताना गुणगुणायची, तेही बंद.

दोन हजार तीनच्या मार्गशीर्षात योगिताचं जमलं. चलथाणच्या साखर कारखान्यातला आनंदा, अगदी गुणी मुलगा. म्हणाला, मी त्या कॅसेटवरच कॉलेजच्या गॅदरिंगला नाचलोय, मला त्याचं काय! मला तर रडूच आलं. पण आनंदाच्या घरच्या बाया होत्याच की कुजबुजायला. म्हणून मी ठरवलं, हळदीला गाणं नाही. मांडववाल्याला बजावलं, स्पीकर आणलास तर तंगडं मोडीन. सगळ्या गल्लीला सांगितलं, योगिताच्या हळदीत जर ती सीडी ऐकू आली तर माझ्याशी गाठ आहे. आईनंही हे ऐकलं. हळदीच्या दिवशी सकाळी योगितानं आईजवळ जाऊन काहीतरी मागितलं, ते मी लांबून पाहिलं. मला वाटलं, बांगड्यांचं असेल.

दहा वाजता मी कोपऱ्यावर पाण्याच्या टँकरसाठी उभा होतो. आणि मांडवातून आलं, "योगिताले हळद लागनी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोण हरामखोर आहे हा? तिथूनच धावलो. कनात फाडल्यासारखी बाजूला केली आणि सगळ्या पाहुण्यांपुढे ओरडलो, "कोणी लावली रे ही कॅसेट? बंद करा! आधी बंद करा ती!"

गाणं थांबलं.

स्पीकर नव्हताच. योगिता पाटावर बसली होती, एका गालाला हळद, दुसरा कोरा. तिच्या समोर आई बसली होती. हात अजून कानावर होता. चार वर्षांनी हळदीत तोंड उघडलं होतं तिनं, पोरीनं मागितलं म्हणून, पोर खरीच समोर बसली होती म्हणून. आणि पोटच्या मुलाला तिचा आवाज ओळखू आला नाही.

मी म्हटलं, आई, मला वाटलं... योगिता म्हणाली, "आई, म्हण ना पुढं. म्हण ना गं." आईनं दोनदा तोंड उघडलं, पण स्टुडिओतल्यासारखा आवाजच निघेना. मग तिनं हळदीची वाटी बाजूच्या बाईकडे सरकवली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, "झाली बंद, भाऊ."

उरलेली हळद बायकांनी गाण्याशिवायच लावली. योगिता सारखी घराच्या दाराकडे बघत होती, पण आई काही बाहेर आली नाही.