सीट क्रमांक दोन

*मागणीपत्रक. गाडीचा रंग: राखाडी. वेगळी पॅकेजं हवी असल्यास योग्य त्या चौकटीत खूण करावी.*

पत्रक मास्तरांच्या कापायच्या टेबलावर तीन दिवस पडून होतं. शेजारी एका वकिलाचा कोट, बिनबाह्यांचा. वकील बाह्यांसाठी रोज फोन करत होता आणि कापड अजून बसायचंय असं मास्तर त्याला रोज सांगत होते. कापड केव्हाच बसलं होतं. मास्तरच पत्रकापुढून उठत नव्हते.

गाडी ठरली, रंग ठरला, राहिली ती पॅकेजं. मूळ गाडीत चाकं, स्टीअरिंग आणि छप्पर येत होतं. माणसाला त्यापलीकडे जे काही हवंसं वाटेल ते सगळं कंपनीने गठ्ठे करून वेगळं बांधून ठेवलं होतं. शनिवारी खुणा करून कागद शोरूमला द्यायचा होता.

मास्तरांना त्यातलं एकच पॅकेज हवं होतं, आणि ते हवंय हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

कारण मान. चाळीस वर्षं मशीनवर वाकून वाकून गेल्या वर्षी ती धरली, ती सुटलीच नाही. एका बाजूला थोडीफार वळायची, दुसऱ्या बाजूला मुळीच नाही. त्या बाजूने कोणी हाक मारली की मास्तर अख्खेच्या अख्खे वळत, कपाट सरकवल्यासारखे. याचा त्यांनी कुठे बोभाटा केला नव्हता. लेकीची भीती होती. तिच्या सासऱ्यांनी मागच्या वर्षी गाडीने फाटकाचा खांब पाडला, तेव्हा तिने त्यांची किल्ली काढून घेतली. ती अजून तिच्या पर्समध्ये होती. सासरे आता बागेत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवत. मास्तरांना तर बागही नव्हती.

त्यांना होता फक्त गुरुवार. दर गुरुवारी ते एकटे गाडी काढून शहराबाहेरच्या गिरणीत कापड आणायला जात. जाताना तास, येताना तास. आठवड्यात तेवढेच दोन तास ते ताठ बसत, आणि तेवढेच दोन तास त्यांना कोणी "कधी देताय?" असं विचारत नसे.

हिवाळी पॅकेज ☐

"गरम होणारी सीट," बायकोने वाचलं. "पुढच्या दोन्ही. अहो, आपल्याकडे इस्त्री आहे की."

"इस्त्रीवर बसता येत नाही."

"तुम्ही एकदा बसला होतात."

मास्तरांनी पान उलटलं.

संगीत पॅकेज ☐

अकरा स्पीकर.

"आपल्याला कान चार," बायको म्हणाली. "त्यातले दोन तुमचे. म्हणजे तीनच धरा."

खोडलं.

आराम पॅकेज ☐

यात चालकाची सीट बटणावर मागेपुढे आणि वरखाली होत होती. शिवाय तिला स्मरणशक्ती होती. एकाने आपल्याला हवी तशी सीट बसवून १ नंबरात ठेवायची, दुसऱ्याने २ नंबरात. मग आपापलं बटण दाबलं की सीट आपापल्या मापाची.

"हे तद्दन फालतू," मास्तर म्हणाले. "घरात चालवणारा एक. सीटने आणखी कोणाला लक्षात ठेवायचं? वकिलाला?"

बायकोने चष्मा काढला, बाहीला पुसला, पुन्हा घातला.

"असू दे ना. खोडायचंच तर पेन्सिलीने खोडा."

मास्तरांनी पेनने खोडलं. दोनदा.

*(पुढच्या पॅकेजआधी दुकानाची एक रीत.)*

माप घेताना मास्तर आकडा मोठ्याने सांगत आणि बायको काउंटरवर वहीत लिहीत असे. पण गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत ओढून उभं असतं. त्याच्या तोंडावर बेचाळीस म्हणायची मास्तरांची छाती कधी झाली नाही. ते दोनदा खोकत आणि चाळीस म्हणत. जितके खोकले, तितके इंच बायको मनाशी मिळवून लिहीत असे. गिऱ्हाईक खूश, पँट बरोबर. एका प्राध्यापकाच्या वेळी मास्तर सात वेळा खोकले, तेव्हा त्या भल्या माणसाने स्वतः उठून त्यांना पाणी आणून दिलं होतं. इतक्या वर्षांत कोणाला संशय आला नाही. मास्तरांची प्रकृती जरा नाजूक आहे, एवढंच लोक म्हणत.

सुरक्षा पॅकेज ☐

मागे कॅमेरा. आणि बाजूच्या आरशात एक बारीक दिवा: कडेने कोणी येत असलं की पेटतो. मान वळवायला नको.

हे कसं मागायचं ते मास्तरांनी गिऱ्हाइकांकडूनच उचललं होतं. ज्याचं पोट सुटलं तो कधीच पोट सुटलं म्हणत नाही. तो म्हणतो, हल्ली जरा ढगळच घालतात, नाही का?

"हे हल्ली सगळेच घेतात म्हणे," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पुढेमागे गाडी विकायला बरं पडतं."

"गाडी अजून आली नाही, आणि तुम्ही विकायला निघालात."

"तसं नाही गं. फॅशनच आहे तशी."

बायकोने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य तिने काउंटरमागून हजारदा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी पुढे इंच वाढवले होते. मास्तरांना याची आठवण व्हायला हवी होती. झाली नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला आणि पत्रक वाचून दाखवलं.

"कॅमेरा ठीक आहे," लेक म्हणाली. "पण तो आरशातला दिवा कशाला, बाबा? मान वळवून बघितलं की झालं. का वळत नाही तुमची?"

ती हसत होती. इकडे मास्तरांच्या बोटांत खडू मोडला.

"मला हवाय तो," बायको म्हणाली. "काय छान दिसतो. नारिंगी."

"आई, दागिना आहे का तो?"

"तुझ्या पर्सला ते गोंडे लोंबतात, ते काय कामाचे असतात?"

लेक आणखी हसली आणि विषय गोंड्यांवर गेला. मास्तरांनी हळूच श्वास सोडला. बायकोला दिव्यांची हौस आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. पण आयती सुटका झाल्यावर जास्त चौकशी करू नये, एवढं त्यांना कळत होतं.

शनिवार *(या नावाचं पॅकेज नाही)*

जुन्या गाडीतून दोघं शोरूमला निघाले. पहिला चौक आला. बायकोने तिच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "मोकळं आहे."

"दिसतंय मला."

दुसरा चौक. "थांबा, सायकलवाली. हं. मोकळं आहे."

"अगं, दिसतंय."

वर्षभर तिला ही सवय लागली होती. मास्तर तिला बडबड म्हणत. तिच्या बाजूचं त्यांना काही दिसत नसे, ती "मोकळं" म्हणाली की त्यांचा पाय आपोआप पेडलवर जाई, आणि या दोन गोष्टी त्यांनी कधी एकमेकींना जोडून पाहिल्या नव्हत्या. आयुष्यभर जोडायचंच काम केलेला माणूस.

शोरूममधली सल्लागार मुलगी हसत पुढे आली. तिच्या जॅकेटची बाही अर्धा इंच लांब होती, हे मास्तरांनी आधी पाहिलं. बायकोला पाहून मुलीचं हसू क्षणभर गडबडलं, आणि बायकोला अचानक कोपऱ्यातल्या कुंडीत फार रस वाटू लागला, हे मात्र त्यांनी पाहिलं नाही. कुंडी न वळणाऱ्या बाजूला होती.

ट्रायलच्या गाडीत सगळीच पॅकेजं बसवलेली होती. मास्तर चालकाच्या जागी बसले, बायको शेजारी. मुलगी दाराशी वाकून उभी राहिली.

"ही ती तुमची शहाणी सीट," मास्तर म्हणाले. "बघू तरी काय काय लक्षात ठेवते."

"१ दाबा, सर. २ राहू द्या."

दोन राहू द्या म्हटल्यावर मास्तरांनी दोन दाबलं.

सीट गुणगुणत पुढे सरकली, मग वर चढली. पाठ ताठ झाली. शेवटी कमरेमागे आतून एक फुगवटा हळूच पुढे आला आणि नेमक्या एका जागी थांबला. मास्तरांचे गुडघे स्टीअरिंगला टेकले.

त्यांनी हात मागे घालून तो फुगवटा चाचपला. पुन्हा चाचपला. मग गळ्यातली टेप काढली. इथे येतानाही ती काढायची राहिली होती.

*मापवही*
*गिऱ्हाईक: सीट क्र. २*
*बैठक ते पेडल: साडेसतरा*
*उंची: बेताची, पण पुढच्याच्या डोक्यावरून बघायची खोड*
*पाठ: ताठ, टेकत नाही*
*कमरेमागे खोल: सव्वा इंच*

सव्वा इंच. तेवढ्या खोलीची पाठ मास्तरांच्या अख्ख्या वहीत एकच होती. तिला ते तीस वर्षं कोट शिवत आले होते आणि प्रत्येक कोटात, ठीक या जागी, दोन टक्स घालत आले होते. चेहरे ते विसरत. पाठ कधी विसरले नव्हते.

"कोणीतरी ट्रायलला आलं असेल, सर," सल्लागार मुलगी म्हणाली. "सेटिंग तसंच राहिलं असेल. मी जरा... माहितीपत्रक आणते." माहितीपत्रक तिच्या हातातच होतं. ते घेऊन ती गेली.

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली.

"किती वेळा आलीस?" मास्तरांनी समोरच्या काचेला विचारलं.

"इथे तीनदा. त्याआधी शिकायला नऊ गुरुवार."

"गुरुवार."

"तुम्ही गिरणीत गेल्यावर मी भिंतीकडे बघत बसते असं वाटलं की काय?"

मास्तरांना तसंच काहीसं वाटत आलं होतं.

"लायसन?"

"मिळालंय. फोटो भयंकर आलाय, दाखवणार नाही."

"पण का?"

"तुम्ही मानेऐवजी खांदे वळवायला लागलात म्हणून. वर्षभर मोकळं आहे, मोकळं आहे करून माझा घसा बसला. तुम्हाला वाटलं, मी हवापाण्याच्या गप्पा मारतेय."

एकेक चौक मास्तरांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागला, आणि प्रत्येक चौकात तो आवाज होता. गुरुवारी तेवढा नसे. गुरुवारी मागचे भोंगे फार वाजत. लोक हल्ली उतावीळ झालेत, असं ते घरी येऊन सांगत.

"लेकीला सांगितलंस?"

"गिऱ्हाइकाचं माप आपण त्याच्या तोंडावरसुद्धा सांगत नाही. लेकीला कशाला सांगू?"

"म्हणजे आता मी बाजूला बसायचं."

"कधी कधी. गर्दीत आणि पावसात मी. गिरणीला दोघं जायचं. जाताना तुम्ही, येताना मी. येताना तसंही तुमचं अर्धं लक्ष मागच्या कापडात असतं. आणि मान डॉक्टरला दाखवायची. ते पॅकेज सक्तीचं आहे."

मास्तरांनी रुसायचं ठरवलं. पण तिच्या मापाच्या सीटवर बसून रुसणं सोपं नव्हतं. गुडघे जवळजवळ हनुवटीशी आले होते, आणि तो सव्वा इंच त्यांना सारखा ताठ बसवत होता.

"आणि बाजूला बसून मी काय करायचं?" थोड्या वेळाने ते म्हणाले.

"बसा की. ती सीट गरम होते म्हणे."

"चेष्टा पुरे."

"बरं. तुम्ही इथे बसलात आणि मी तिथे, म्हणजे मी तुमच्या कुठल्या बाजूला येते?"

मास्तरांनी मनातल्या मनात जागा बदलून पाहिल्या. कापड उलटं करून शिवण तपासतात तसं, दोनदा पाहिलं.

"वळणाऱ्या," ते म्हणाले.

"मग? वर्षभरात गाडीत एकदा तरी बघितलंत का माझ्याकडे?"

मास्तरांनी १ दाबलं. सीट गुणगुणत मागे गेली आणि त्यांचे गुडघे सुटले.

टेबलापाशी सल्लागार मुलीने पत्रक समोर ठेवलं. पेन बायकोने घेतलं. आकडे मास्तर सांगत आणि लिहीत ती; शोरूम झालं म्हणून रीत कशी बदलणार.

"सुरक्षा पॅकेज?"

"घेतलं," बायको म्हणाली. "तो दिवा मला फार आवडतो."

"हिवाळी?"

"घ्या," मास्तर म्हणाले. बायकोने भुवया उंचावल्या, पण खूण केली.

"आराम पॅकेज खोडलंय," मुलगी जपून म्हणाली. "एकच चालक असेल तर तसा उपयोग नाही त्याचा. इथे वर रकाना आहे, तो राहिलाय भरायचा. घरात गाडी चालवणारे किती?"

मुलगी मास्तरांकडे बघत होती. तिच्या मागच्या मोठ्या काचेत मास्तर स्वतःला दिसत होते. गळ्यात टेप, खांदे ताठ, पोट किंचित आत.

ते एकदा खोकले.

"एक," त्यांनी सांगितलं.

"पाणी आणू का, सर?" मुलगी उठली.

बायकोने मान खाली घालून रकान्यात दोन लिहिलं.