मंगळवारचं श्वास-शिबिर

सृष्टी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला ऊब लागली की काढायचं, आणि ती खरंच लागली की मला नुसतं तसं वाटलं, या शंकेने पुन्हा धरायचं. या उद्योगात पोरगी दचकून उठायची, भोकाड पसरायची आणि मग मला अगदी निश्चिंत वाटायचं. रडतेय ना? म्हणजे श्वास चालू आहे.

याला कारण होतं. ती दीड वर्षाची असताना तापात तिला आकडी आली. ओठ निळे पडले, डोळे पांढरे झाले. दवाखान्यात पोचेपर्यंत ती सावरून डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळ्या ओढायलाही लागली होती. "लहान मुलांना तापात होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. नंतर दोनदा तपासून तेच म्हणाले, "मूल ठणठणीत आहे. तुम्ही जरा झोपत जा." मूल अडीच वर्षांचं झालं. मी झोपायची राहिलेच.

हे घरातल्या घरात खपून गेलं असतं. पण देवळाली कॅम्पातल्या एका शाळेने मला विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. मागच्या जूनमध्येही बोलावलं होतं. तेव्हा मी नवी साडी नेसून, डबा घेऊन निघाले आणि नाशिकरोडला बसमधून उतरून रिक्षाने परत आले. कारण सृष्टीच्या घशात शेंगदाणा अडकलाय, हे मला बसच्या खिडकीतून स्वच्छ दिसलं. घरी ती आजीच्या मांडीवर बसून वरणभात खात होती.

मुख्याध्यापिकाबाई भल्या, म्हणून यंदा त्यांनी पुन्हा जागा ठेवली. "पण मनीषाबाई, या वेळी आलात तर खरं," त्या फोनवर म्हणाल्या, "नाहीतर मी दुसरी बाई बघते." शाळा दोन आठवड्यांनी, सोमवारी उघडणार होती. बी.एस्सी., बी.एड. करून मी जन्मभर बोटच धरून बसणार का, हे त्या सोमवारी ठरणार होतं.

माझा नवरा ज्ञानेश सातपूरला कारखान्यात सुपरवायझर. त्याने कुठूनसं एक पत्रक आणलं. 'श्वासातून मनःशांती. मनात साचलेली भीती, दुःख, राग मोकळे करा.' शिबिर आमच्याच मखमलाबादला, आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला देवीचं देऊळ आहे, त्याच्या सभामंडपात.

"हाकेच्या अंतरावर आहे," ज्ञानेश म्हणाला. "आई सृष्टीला घेऊन बाहेर लिंबाखाली बसेल. तुला दिसत राहील."

"तिथे डोळे मिटायला सांगतात."

"मग?"

"मग दिसणार कशी?"

ज्ञानेशने पत्रक माझ्या हातात कोंबलं आणि आंघोळीला निघून गेला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं नाव रंगूबाई. सगळं आयुष्य मळ्यात मेथी, मोगरा, झेंडू काढण्यात आणि फूलबाजारात बसून गजरे विकण्यात गेलेलं. गजरा ओवता ओवता त्यांनी विचारलं, "श्वास घ्यायला शिबिर? आन् मंग येवढे दिवस काय घेत व्हतीस?"

"तसं नाही आत्याबाई. खोल घ्यायचा असतो."

"हिरीत उतरून?"

पण आल्या. रोज सकाळी नातीला कडेवर घेऊन माझ्या मागे मागे आल्या.

शिबिर घ्यायला पुण्याहून निकिता मॅडम आल्या होत्या. पांढरा कुर्ता, गोड आवाज, वय माझ्यापेक्षा कमीच. शिबिरार्थी गंगापूर रोडच्या बंगल्यांमधले, शिवाय एक निवृत्त तहसीलदार. "आता हळूच डोळे मिटूया," मॅडम म्हणायच्या, "आणि सगळ्या चिंता श्वासाबरोबर सोडून देऊया." सगळे सोडायचे. मी डावा डोळा मिटायची. उजवा लिंबाखाली.

एका डोळ्याने ध्यान केलं की पुष्कळ गोष्टींचं ज्ञान होतं. तहसीलदार 'दुःख सोडा' म्हटल्याबरोबर घोरायला लागतात. शेजारच्या बंगलेवाल्या बाई 'राग सोडा' म्हटलं की त्यांच्या जावेकडे बघतात, म्हणजे त्यांचाही एक डोळा उघडा. आणि आम्ही विश्वाशी एकरूप होत असताना मॅडम मोबाइलवर मेसेज वाचतात.

"मनीषाताई, डोळा," त्या म्हणाल्या.

"कचरा गेलाय."

"रोज?"

"मळा आहे ना जवळ," मी म्हटलं.

शेवटचा दिवस मंगळवार होता. ही गोष्ट पुण्याच्या मॅडमच्या लक्षात न येणं समजू शकतं. मी तर इथली सून. माझ्याही आली नाही.

"आज आपण आतलं सगळं बाहेर काढणार आहोत," मॅडम म्हणाल्या. "बायकांनी केस मोकळे सोडा. मी ढोलाची टेप लावते. तालावर तोंडाने जोरजोरात श्वास. शरीर हललं तर हलू द्या. आवाज आला तर येऊ द्या. काहीही थांबवायचं नाही. आणि मनीषाताई, तुमच्यासाठी हे." असं म्हणून त्यांनी आपली ओढणी घडी करून माझ्या दोन्ही डोळ्यांवर बांधली आणि मागे चांगली गाठ मारली.

अंधार झाला. सृष्टी कुठे? मघाशी ती लिंबोळ्या वेचत होती. तोंडात घातली असेल का? ढोल सुरू झाला. मी भीतीने जो श्वास घ्यायला लागले, तो मॅडमनी सांगितलेल्यापेक्षा दुप्पट जोरात. हू, हू, हू. थोड्या वेळाने हातांना मुंग्या आल्या, बोटं आकडायला लागली. असा धापा टाकत श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटं वाकडी होतात, हे मला माहीत होतं. बोटांना माहीत नव्हतं. मग डोकं हलकं झालं, अंग पुढेमागे डोलायला लागलं, केस तोंडावर आपटायला लागले. थांबवायचं नाही म्हणाल्या होत्या, म्हणून थांबवलं नाही.

आणि एकदम नाकात कापराचा वास शिरला. पाठोपाठ कपाळावर कुणीतरी मूठभर कुंकू थापलं.

"उदं गं आई, उदं! रंगू, आगं तुझ्या सुनंच्या अंगात आलं!"

हा आवाज भिमाबाईंचा. त्या आणि कुसाबाई म्हणजे आत्याबाईंच्या फूलबाजारातल्या मैत्रिणी. दर मंगळवारी हळदीकुंकवाचं ताट घेऊन देवीला येतात. आज येऊन बघतात तर सभामंडपात ढोल वाजतोय, आणि मध्ये मी, केस मोकळे सोडून, हात वाकडे करून घुमतेय. दुसरं काय समजणार बिचाऱ्या?

"मावशी, प्लीज, सेशन चालू आहे," मॅडमचा आवाज आला.

"तू गप गं पोरी. आन् तो ढोल बंद करू नगं, आई कोपंल."

ढोल चालू राहिला. "कोन आलंय?" भिमाबाईंनी मला हात जोडून विचारलं असावं. "गडावरची का?"

माझी मान डोलतच होती.

"गडावरचीच! मान हालवली बघ." लगेच कुसाबाई पुढे. "आई, औंदा पिंपळगावला टमाट्याला भाव घावंल का?"

"हू," मी श्वास सोडला.

"घावंल म्हनली!"

मी बोलायचा प्रयत्न केला, पण ओठही बधिर झाले होते. तेवढ्यात ओळखीचा, घोगरा आवाज जवळ आला. आत्याबाई. "आई, तू आलीच हायेस तर येक इचारते," त्या फार नम्रपणे म्हणाल्या. "आता दुसरा येक नातू..."

"नाय!"

हे कुठून आलं कोण जाणे, पण त्या आवाजाने मंडपातली कबुतरं फडफडून उडाली.

"बरं बरं, राह्यलं," आत्याबाई घाईघाईने म्हणाल्या. "आपलं नुसतं इचारलं."

"मंग काय पायजे आईला?" भिमाबाई काकुळतीला आल्या. "खण-नारळ? पुरनाचा निवद? सांग, माय. काय राह्यलं आमच्याकडनं?"

काय पाहिजे? असं मला कुणी विचारलंच नव्हतं. ज्ञानेशने उपाय आणले, डॉक्टरांनी सल्ला दिला, मॅडमनी ओढणी बांधली. पण तुला काय पाहिजे, असं हात जोडून कुणी विचारलं नव्हतं. मी ओढणीच्या आत रडायला लागले.

"झोप," मी म्हटलं. "मला झोप पाहिजे. पोरीकडे कुणीतरी बघा हो. मला झोपू द्या."

टेप संपली होती.

"झोप?" कुसाबाई कुजबुजल्या. "असं कुठल्या देवीनं मागितलेलं ऐकलं न्हाई बाई."

"न मागंल तर काय? चैतापासनं जत्रा चाललीय, दमली आसंल," भिमाबाई म्हणाल्या. "आन् पोर आपल्या राखनीला दिलंय, ऐकलंस ना? शेजारती करा. आईला निजवा."

"आत्ता? सकाळच्याला?"

"आई म्हनंल तवा शेजारती!"

देवळाच्या खोलीतली गादी आली. मला आडवं केलं. दोघींनी बारीक आवाजात शेजारती म्हटली, आणि मग भिमाबाईंनी सगळ्या शिबिराला दम भरला की आई निजलीय, कुणी चूं करायचं नाही. निकिता मॅडम प्रसंगावधानी. त्यांनी सगळ्यांना शवासनात झोपवून टाकलं. तहसीलदारांना सांगावं लागलं नाही.

तरी मी उठायला बघत होतेच. सृष्टीचा आवाज येत नव्हता. मी मान वर केली, तशी कुणीतरी ती हळूच खाली दाबली. कानाशी आत्याबाईंचा आवाज. देवीशी बोलायचा नाही, घरातला, भाजी चिरताना असतो तसला.

"पोरगी माझ्या मांडीवर हाय. तिच्या नाकाखाली आता माझं बोट हाय. तू नीज."

आणि मी झोपले.

उठले तेव्हा ऊन मंडपाच्या दुसऱ्या बाजूने आत येत होतं. ओढणी कुणीतरी सोडून ठेवली होती. मंडप रिकामा, फक्त उशाशी निकिता मॅडम बसल्या होत्या आणि शिबिराच्या पत्रकाने मला वारा घालत होत्या.

"मॅडम, तुमची पुण्याची गाडी?"

"गेली," त्या म्हणाल्या. "त्या आजी म्हणाल्या, देवी उठेपर्यंत हात थांबवायचा नाही. मी म्हटलं, काहीही थांबवायचं नाही हे तर माझंच वाक्य आहे." मग जरा जवळ सरकून, "ताई, खरं सांगा. आत नेमकं काय झालं? मला शिकवताना हे कुठेच नव्हतं."

मला आधी भूक लागली. मग चहा हवासा वाटला. सृष्टी तिसरी आठवली. तिसरी! हे लक्षात आल्यावर मी इतकी घाबरले की पदर सावरत मळ्याकडे धावले.

पोरगी पाटाच्या कडेला चिखलात बसली होती. हातात अर्धा खाल्लेला टोमॅटो, केसांत झेंडूच्या पाकळ्या, नाकाला माती. एका बाजूला भिमाबाई, दुसरीकडे कुसाबाई. दोघी दुपारचा बाजार सोडून, पाय पसरून, तिच्यावर नजर रोखून बसलेल्या. तिने हात वर केला की दोघींचे हात वर जात. माझ्याहून घाबरट पहारेकरी मी पहिल्यांदाच पाहत होते.

घरी जाताना मी आत्याबाईंना गाठलं. "आत्याबाई, ते देवी वगैरे काही नव्हतं. जोरात श्वास घेतला की बोटं वाकडी होतात. रक्तातला..."

"मला नगं सांगू."

"अहो पण त्यांना खोटं..."

"काय खोटं बोललीस? झोप पायजे म्हनलीस. पायजे नव्हती?"

"पाहिजे होती."

"नातू नगं म्हनलीस."

"आत्ता तरी नको," मी म्हटलं.

"मंग? आन् टमाट्याचं तू बोललीच न्हाई, ते कुसानं ऐकलं." त्यांनी सृष्टीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "फकस्त दर मंगळवारी नगं येऊस. दारात नारळाची रांग लागंल, मला आंगन झाडावं लागतं."

सोमवारी सकाळी मी साडी नेसून, डबा भरून उंबऱ्यात उभी होते. पाय निघत नव्हते. सृष्टी आत दूध पीत होती आणि मला तिचा ठसका आत्ताच ऐकू येत होता, तो लागायच्या आधी. एवढ्यात अंगणात भिमाबाई आणि कुसाबाई हजर. टोपल्या, दोरा, ओवायची फुलं, सगळं घेऊनच आलेल्या.

"आज बाजार नाही?" मी विचारलं.

"गजरे हितंच ओवू. कुसा दुपारून जाईल इकायला, मी बसीन. आईनं पोर राखनीला दिलंय," भिमाबाई म्हणाल्या.

"बरं झालं. मग ऐका. शेंगदाणे द्यायचे नाहीत. पाणी उकळलेलंच. झोपली की कुशीवर वळवायची आणि दर पाच मिनिटांनी..."

"आगं थांब, थांब," भिमाबाईंनी हात वर केला. "ह्यातलं आई काय बोलली नव्हती."

"अहो, पण मी सांगतेय ना. मी तिची..."

"तू मधी पडू नगं, पोरी. ही आईची आन् आमची गोष्ट हाय."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या आणि वर बघायला तयार नव्हत्या. फक्त खांदे हलत होते. माझ्याच हुकमापुढे मी काय बोलणार? त्या दोघींना सांगायची ताकद एकीचीच होती, आणि ती परत यायची तर मला पुन्हा केस सोडून घुमावं लागलं असतं. बस तर ठरल्या वेळी सुटणार.

मी निघाले. सीबीएस बसस्थानकावर खिडकीची जागा मिळाली. सृष्टी आता काय करत असेल, असं मनात यायला लागलं, तेवढ्यात कंडक्टरने खांद्याला धरून हलवलं.

"ओ बाई, उठा. कॅम्प आला. उतरायचं, का जायचं परत नाशिकला?"

तोंड पुसत मी उतरले. शाळेची घंटा होत होती, आणि माझ्या गालावर बसच्या खिडकीच्या गजाचा वळ होता.