गुरुवारची मालिका

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. मी सांगतो ती गोष्ट युद्धाच्या दुसऱ्या वर्षाची. त्याच वर्षी बुटांच्या कारखान्यात संप झाला. तेव्हा माझी लाकडी पेटी आरशासारखी चकाकत असे आणि अख्ख्या गल्लीत टीव्ही म्हणून मी एकटाच होतो.

माझं घर कारखान्यातल्या मिस्त्रीचं. दोन खोल्या, खिडक्यांना काळे कागद. उजेडाची तिरीप बाहेर दिसली तर वरून बॉम्ब पडेल, ही धास्ती. घरात मिस्त्री, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. एकुलता एक मुलगा आघाडीवर होता.

कारखान्यात कातडं कापायच्या यंत्रांना जाळी नव्हती. एकामागून एक बोटं तुटू लागली, तेव्हा कामगारांनी काम थांबवलं. पण बूट सैन्याचे! युद्धात संप म्हणजे देशद्रोह, असा हुकूम निघाला. पाचांहून जास्त माणसं जमली की थेट तुरुंग. सूट होती ती लग्नाला, मयताला आणि टीव्ही बघायला.

गुरुवारी संध्याकाळी माझ्यावर एक मालिका लागायची. तीही कामगाराच्या घराचीच. त्यातही संप होता, त्यातही लढाई होती. मिस्त्रीने डोकं लढवलं आणि संपाची बैठक माझ्यासमोर भरू लागली. माझा आवाज मोठा, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, आणि बोलणं ओठांतल्या ओठांत. एवढे चेहरे समोर, पण बघणारी एकटी म्हातारी. ती वैतागायची, "मेल्यांनो, गप्प बसा की! तिकडे त्या माउलीचा धाकटा लढाईवर निघालाय, आणि तुमची आपली कुजबुज!"

मला मात्र सतत भीती वाटायची. आतल्या नळ्या तापल्या की वाटे, मी मधेच बंद पडलो तर? खोलीत एकदम शांतता पसरेल आणि नको ते शब्द रस्त्यावर ऐकू जातील.

एका गुरुवारी त्या दिवसाचा भाग संपत आला असताना दार वाजलं. मिस्त्रीच्या बायकोने उघडलं, तर दारात फौजदार. त्याने माणसांवरून नजर फिरवली आणि टोपी काढून चक्क सतरंजीवर बसला.

"मालिका बघताय होय? बघा, बघा. माझे मागचे दोन भाग हुकले. काय झालं हो त्यात?"

शिलाई खात्यातल्या लंबूला राहवलं नाही. "ते... धाकट्याचं लग्न ठरलं, साहेब."

"धाकट्याचं? तो तर लढाईवर गेला ना?"

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. मिस्त्रीने बायकोकडे असं पाहिलं, जणू निरोपच घेत होता. माझ्या पडद्यावर आडव्या रेघा थरथरू लागल्या. मित्रांनो, यंत्रालाही घाम फुटत असता, तर त्या दिवशी मी भिजून गेलो असतो.

तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारी कडाडली, "त्या लांबोड्याला काय विचारताय? तो डोळे उघडे ठेवून झोपतो! मी सांगते. धाकटा गेला. बापाला संपात पकडून नेलं. आई रोज टपालवाल्याची वाट बघते. तो येतो, शेजारच्या दारात थांबतो आणि निघून जातो. ती मात्र दोन ताटं जास्तीची मांडते..."

म्हातारीचा आवाज फाटला. नातवाचं पत्र आमच्याही घरी बरेच दिवस आलं नव्हतं. मिस्त्रीच्या बायकोने पदर तोंडाशी धरला.

फौजदाराने मान वर न करताच विचारलं, "धाकटा परत येतो का हो, आजी?"

"मला काय ठाऊक? या की पुढच्या गुरुवारी!"

म्हातारीने सहज म्हटलं आणि फौजदार खरंच येऊ लागला. त्याच्या मनात काय होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो दर गुरुवारी यायचा, आणि बिचाऱ्या कामगारांना जीव मुठीत धरून मालिका खरोखर बघावी लागायची. बैठका दुसरीकडे भरू लागल्या.

शेवटी यंत्रांना जाळी बसली, पण मिस्त्रीला कारखान्याने परत घेतलं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी जोडे शिवत म्हातारा झाला. लंबू मुकादम झाला. फौजदार निवृत्त झाल्यावर मिस्त्रीकडेच जोड्यांचे तळ बदलून घ्यायचा. दोघं हवापाण्याचं बोलायचे, त्या संध्याकाळचं कधीच नाही. प्रक्षेपणाचा मनोरा बॉम्बने पडला आणि मालिका अर्धीच राहिली. मालिकेतला धाकटा परत आला की नाही, हे न कळताच म्हातारी गेली.

घरातला मुलगा मात्र परत आला. मनोरा पडल्यापासून माझ्यातून नुसती खरखर यायची; त्याने आल्या आल्या मला बंद केलं, कारण मोठा आवाज झाला की तो पलंगाखाली शिरायचा. त्याच्या आईने माझ्यावर चादर घातली. मला त्याचा राग नाही. पुढे मनोरा पुन्हा उभा राहिला, तरी त्या घरात कोणी माझं बटण दाबलं नाही. आता मी माळ्यावर आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात टीव्हीचा आवाज फार मोठा असेल, तर एकदा पडद्याकडे पाठ करा आणि समोर बसलेल्या माणसांचे चेहरे बघा. मी ते रोज बघत होतो. मला फक्त बोलता येत नव्हतं.