थपडा खाल्लेलं स्टिअरिंग

मित्रांनो, मी एक जुनं स्टिअरिंग आहे. पण माझ्या नशिबी गाडी कधी आलीच नाही. मला टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळतात, समोर पडदा असतो आणि पडद्यातल्या खेळातली गाडी मी वळवतो. माझ्या पोटात एक छोटी मोटर आहे. खेळातली गाडी घसरली की ती मोटर मला फिरवते आणि मला धरणाऱ्याच्या हातांना रस्ता कळतो. एवढं माझं काम. ते मी इमानाने केलं, आणि तरीही मार खाल्ला. म्हणून आज मी गोड बोलायला बसलेलो नाही.

दोन हजार पंधरा साली मनिषने मला मुंबईहून कासा गावात आणलं. जीप स्टँडसमोर त्याचं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान. कोपऱ्यात त्याने कॉम्प्युटर मांडला आणि गेमचं टेबल सुरू केलं. पहिल्या दिवशी त्याने मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. "खरी गाडी चालवल्यासारखं वाटतं रे!" असं जो तो म्हणायचा. मी फुलून जायचो.

पण ते कौतुक महिनाभरच टिकलं. मग चटणीचे हात मलाच पुसले जाऊ लागले. घाटाच्या वळणावर गाडीचा मागचा भाग मुद्दाम घसरवत न्यायचा, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. मनिषला ते बरं जमायचं. नाही जमलं की मात्र थप्पड! गाडी आपटायची त्याची, आणि थोबाडीत मला. एकदा तर त्याने अशी मूठ घातली की माझ्या क्लॅम्पला तडा गेला. त्याने पाहिला, आणि तसाच राहू दिला.

आमच्या दुकानामागे मारुतीचं देऊळ आहे. एकादशीला तिथे कीर्तन असायचं. भिंतीआडून मला सगळं ऐकू यायचं. बुवांचा आवाज काय सांगू! आख्यानात उन्मत्त राजाची फजिती रंगात आली, टाळ कडाडले, की माझ्या मोटरीलाही स्फुरण चढायचं. मग बुवा क्षमेकडे वळायचे. नेमकं तेव्हाच मनिष शटर खडखडा ओढायचा. त्यामुळे क्षमेचा भाग माझा दर वेळी राहूनच गेला.

आता लाहूदादाचं सांगतो. लाहूदादा कासा-उधवा मार्गावर जीप चालवायचा. वीस वर्षं. मागे चौदा माणसं, टपावर भाजीची पोती, पण कधी कोणाला खरचटलं नाही. देवळात पखवाज वाजवायचा तोही हाच. दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात तो लायसन्सची झेरॉक्स काढायला आला.

"बस ना दादा," मनिष म्हणाला. "एक चक्कर मार. तुझ्यासारख्याला काय अवघड?"

लाहूदादा बसला. आधी मला हात लावून तो हात त्याने कपाळाला लावला. माझ्या उभ्या आयुष्यात असं कोणी केलं नव्हतं! पण पहिल्याच वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरली. दुसऱ्यावर फिरली. तिसऱ्यावर दरीत गेली. दुकान हसून लोळलं, आणि मनिषने मोबाइलवर सगळं टिपून घेतलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला. खाली मनिषने लिहिलं होतं, 'ह्याच्या जीपमध्ये बसण्याआधी घरच्यांना भेटून या.'

दुसऱ्या दिवशी भाजीवाली जमना जीपपाशी येऊन म्हणाली, "लाहूदादा, आज गोल गोल नको फिरवू हां. मला उलटी होते." सगळे हसले. तोही हसला. पण आठवडाभरात हसण्यावारी राहिलं नाही. आया लेकरांना घेऊन मागच्या जीपमध्ये बसू लागल्या. वीस वर्षांचं नाव एका मिनिटाच्या व्हिडिओने घालवलं.

लाहूदादा दुकानात आला. "मनिष, तो व्हिडिओ काढ."

"खेळात हरव मला, मग काढतो."

"नुसता काढून नाय चालणार. हरलास तर माझ्या जीपमध्ये बसायचं, उधव्यापर्यंत. प्रत्येक थांब्यावर उतरून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की मी खोडी केली."

"आणि तू हरलास तर?"

"तर मी स्टँड सोडीन."

मनिषने पुढच्या बाजाराचा दिवस ठरवला: खेळातल्या घाटाची बारा वळणं, ड्रिफ्ट करत जो जास्त काढेल तो जिंकला.

त्या दिवसापासून लाहूदादा रोज दुपारी, स्टँडवर आपल्या जीपचा नंबर लागेपर्यंत, माझ्यासमोर बसू लागला. त्याची चूक मला पहिल्याच दिवशी कळली होती. चौदा माणसांच्या वजनाने त्याच्या जीपचा मागचा भाग रस्त्याला चिकटून असायचा. जीपचं स्टिअरिंगही जड, दोन्ही हातांनी आवळून धरावं लागायचं. इथे गाडी रिकामी, मागून हलकी. ती घसरली की मी आपणहून उलट्या बाजूला फिरायला बघायचो, कारण गाडी सावरायची ती तशीच. पण लाहूदादा मला गच्च धरून ठेवायचा आणि ब्रेक दाबायचा. मी मनात ओरडायचो, सोड मला, दादा, सोड! माझा आवाज त्याला कसा ऐकू जाणार?

शेवटी त्याची बायको, काळी तिचं नाव, एकदा डबा घेऊन आली. दोन वळणं तिने पाहिली आणि म्हणाली, "पखवाज काय असा मानगूट धरून वाजवतोस? सैल सोड की हात!"

लाहूदादा थबकला. मग स्वतःशीच पुटपुटला, "पावसात रिकामी जीप घेऊन येतो, तेव्हा तरी कुठे आवळून धरतो मी?"

पुढच्या वळणावर त्याने मला आत वळवलं, ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडीची शेपटी सुटताच बोटं सैल केली. मी त्याच्या तळव्यातून सर्रकन फिरलो. जिथे थांबायला हवं तिथे त्याने मला अलगद झेललं. ब्रेक नाही, नुसता पायाचा ठेका, कमी-जास्त, कमी-जास्त. गाडी आडवी होऊन अख्खं वळण तरंगत गेली! काळी म्हणाली, "बघ. आता जेव."

बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मनिष पहिला बसला. सवयीने त्याने मला एक चापटी मारली. "चल रे!" मला त्याला दगा द्यायचा नव्हता, मित्रांनो. तशी गरजच पडली नाही. पाच वळणं त्याने सुरेख काढली. सहाव्यावर त्याने मला जोरात हिसडलं, आणि त्यानेच तडा पाडलेला माझा क्लॅम्प सरकला. मी टेबलावरून तिरका झालो. गाडी गरगर फिरून कठड्यावर आदळली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

"स्टिअरिंग हललं! हे धरत नाय!" मनिष किंचाळला.

"मग मलाही हेच आहे ना?" लाहूदादा म्हणाला.

तो बसला नाही. जीप सुरू करण्याआधी चारी बाजूंनी फिरून बघायची त्याची रीत, तसा तो वाकून टेबलाखाली बघू लागला. तडा त्याच्या बोटाला लागला. जीपमधून दोरी मागवून त्याने मला टेबलाशी बांधलं, टपावरची पोती बांधतात तशा गाठीने. हलवून पाहिलं. मग मला शिवून तो हात कपाळाला लावला आणि बसला.

बाराच्या बारा वळणं! एकदाही गाडी फिरली नाही. शेवटच्या वळणाला जमनाच पहिली ओरडली, "अगं बाई, हा तर नाचवतोय गाडी!"

मनिषने सगळ्यांसमोर व्हिडिओ काढून टाकला आणि मुकाट्याने जीपमध्ये बसला, मागच्या बाकावर, कोंबड्यांच्या टोपलीशेजारी. पुढचं लाहूदादाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्या थांब्यावर मनिष उतरून पुटपुटला, "तो व्हिडिओ... मी खोडी केली होती."

"जोरात," लाहूदादा म्हणाला. "व्हिडिओ जोरात वाजत होता."

सायवनच्या थांब्यावर एका आजीने विचारलं, "हा कोण रडवेला?" जमना म्हणाली, "नवीन क्लीनर आहे." उधव्याला मनिष खणखणीत बोलला. परतीच्या वाटेवर लाहूदादाने त्याला पुढे आपल्या शेजारी बसवलं आणि चहाही पाजला. मी असतो तर कोंबड्यांतच बसवून परत आणला असता.

आज दोन हजार एकोणीस साल आहे. माझं कातडं सोललंय, मोटर कुरकुरते. हरल्यावर मनिषचा हात अजून उठतो, पण हवेतच थांबतो आणि तो डोकं खाजवल्यासारखं करतो. लाहूदादाची जीप भरून जाते.

मित्रांनो, तुमची सायकल, तुमचा मोबाइल, तुमच्या वर्गातला पंखा, ह्यांच्याकडे आज जरा बघा. कुठे काही सैल झालंय का, तडा गेलाय का? तुम्ही हरलात तेव्हा मार कोणी खाल्ला, ते आठवा, आणि आधी तिथे हात फिरवा. आम्ही बोलत नाही, पण मारणारा हात ओळखतो.

मनिषने माफी मागितली ती लाहूदादाची, प्रत्येक थांब्यावर. माझी अजून मागायची राहिली आहे. मी वाट बघतोय.